मदत हवी आहे: समलिंगी विवाहावरच्या वादविवादासाठी

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी या बाजूने बोलायचंय. याच मागणीच्या सुप्रियो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल वाचलाय: विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत, सिव्हिल युनियनचा (लग्नाऐवजी जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यतेचा) मुद्दा ३-२ ने पडला. कलम ३७७ चा २०१८ चा निकाल कृपया सुचवू नका. तो समलिंगी संबंध गुन्हा नाही एवढ्यापुरता आहे, सरावात लगेच खोडला गेला.

समोरच्यांचा हुकमी एक्का वेगळाच. २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं, एकत्र शिधापत्रिका घेता येईल असे खुलासे केलेत, मग लग्नाचा कागद कशाला? वारसा आणि दत्तकाचं उत्तर तयार आहे. अडलंय शिधापत्रिकेपाशी. महाराष्ट्रात अशा जोडप्याने प्रत्यक्ष अर्ज केला असेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत ‘नातं’ या रकान्यात काय लिहून घेतलं आणि पुरावा कोणता मागितला?