‘सेचि लोकां’ मधला ‘से’ म्हणजे काय?

विचारणा
आम्ही सात-आठ जण दर गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतो. सध्या तेरावा अध्याय, ‘अमानित्व’ (मानाची हाव नसणं) चालू आहे. तिथे ही ओवी येते:

पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी । हा अमुका ऐसी नोहावी । सेचि लोकां ॥

‘से’पाशी सगळेच अडलो. आमच्यातले एक काका तीस-पस्तीस वर्षं पारायणं करताहेत. ते म्हणाले, “छापताना ‘वा’ गळलाय. ‘सेवाचि’ वाचा. लोकांनी आपली सेवासुद्धा करू नये, असा अर्थ.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही पेन्सिलीनं वर बारीक ‘वा’ लिहून टाकला. घरी येऊन दुसरी प्रत उघडली, तर तिथेही ‘सेचि’च. दोन छापखान्यांनी नेमका तोच ‘वा’ कसा गाळला?

उत्तर
काही गळलेलं नाही. ‘से’ हा जुना मराठी शब्द आहे, अर्थ आठवण, भान. ‘चि’ म्हणजे आपला ‘च’. ‘हा अमुक’ अशी लोकांना आठवणच होऊ नये.

‘सेवा’ का बसत नाही ते पाहा. ‘हा अमुका ऐसी’ हे लोकांच्या मनात उमटणारं वाक्य आहे, ‘अरे, हे ते अमुक!’ असं. त्याच्यापुढे भान, आठवण असाच शब्द हवा. ‘हा अमुका ऐसी सेवा’ याला काही अर्थच लागत नाही. शिवाय पुढची ओवी ‘तेथ सत्काराची कें गोठी’ अशी सुरू होते. जिथे ओळखही नको, तिथे सत्काराची गोष्ट कुठली! ‘सेवा’ आधीच आणली तर ही चढण सपाट होते.

आणखी एक
थोडं विषयांतर. गोंधळ एका ‘से’चा नाही, मान-अभिमानाच्या सगळ्या शब्दकुळाचा आहे. गीतेत ‘अमानित्व’ हे ज्ञानाचं पहिलं लक्षण (श्लोक काही प्रतींत सातवा, काहींत आठवा). आज मात्र ‘मानी माणूस’ हे आपण कौतुकानं म्हणतो, आणि दहावीच्या निकालादिवशी ‘आम्हाला तुझा अभिमान वाटतो’ असं लिहितो. संतवाङ्मयात अभिमान बहुधा टाकायची गोष्ट. दासबोधातल्या पढतमूर्खाच्या समासात बहुश्रुत, व्युत्पन्न, ब्रह्मज्ञान प्रांजळपणे सांगणारा माणूस येतो आणि ‘दुराशा आणि अभिमान’ धरला म्हणून पढतमूर्ख ठरतो. त्याच समासात ‘सकळांस शब्द ठेवणें’ असंही आहे. आपण त्याला नावं ठेवणं म्हणतो.

म्हणून ‘अमानित्व’ला नुसतं ‘नम्रता’ म्हणणं मला अपुरं वाटतं. नम्र माणूस हार घालून घेताना वाकतो. अमानी माणूस हार आणायला गेलेत हे कळल्यावर मागच्या दारानं निघून जातो.

आणखी एक
काकांना हसू नका, पाठ (ग्रंथातले शब्द) सुधारावासा वाटणं जुनंच आहे. पण तो सुधारायचा कसा, हे संत एकनाथांकडे पाहावं. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ पूर्वीच अतिशुद्ध होता, पाठांतरात अशुद्ध झाला, असं म्हणून मूळ ग्रंथाला त्यांनी दोष दिला नाही. आणि पुढे जो स्वतःची ओवी घुसडील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, असं बजावलं. नरोटी म्हणजे करवंटी. पेन्सिलीचा ‘वा’ ही तशी लहानशीच करवंटी.

विचारणाऱ्या
सगळ्यांचे आभार. खरं सांगायचं तर मला काकांपेक्षा माझीच लाज वाटली. ‘ऐसी सेवा’ वाचताना खटकलं होतं, पण ते म्हणाले म्हणून लिहिलं. काल त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खोडरबर आहे ना? आणि गुरुवारी सगळ्यांसमोर सांग, मी चुकलो होतो म्हणून.” लगेच पुढच्या एका ओवीवर आले: ‘वेडिवेमाजि दडे । महिमे भेणें’, म्हणजे मोठेपणाच्या भीतीनं वेडेपणात लपतो. यातलं ‘वेडिव’ जाणीव, नेणीव, उणीव यांच्याच पठडीतलं ना? बाकीचे तीन टिकले, हाच का मागे पडला?