अनुभव धागा: दमट उकाड्यात बोटीची केबिन झोपण्याजोगी कशी ठेवता?

भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकला मी बोटींच्या वायरिंगची कामं करतो. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये केबिनमध्ये वाकून शिरलं की लगेच शर्ट अंगाला चिकटतो. खलाशी तिथेच आठ-दहा दिवस काढतात. रात्रभर तळमळलेला माणूस पहाटे विंचवर (दोर-जाळं ओढायच्या यंत्रावर) उभा राहिला की हात-बोटं जायची भीती असते, म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझं मत आधीच सांगतो. केबिन गार करायच्या मागे लागण्याआधी ती कशाने तापते ते शोधा. वरून ऊन, खालून इंजिन, आणि आत कोंडलेली हवा. तुम्ही काय केलंत, काय चाललं, काय फुकट गेलं ते लिहा. ट्रॉलर, टग, लाँच, शिडाची बोट, सगळ्यांनी लिहा.

तांडेलाचा नातू, वर्सोवा
आमची केबिन मागे, इंजिनच्या डोक्यावर. दुपारी इंजिन बंद केलं तरी झोपायच्या फळीची धग रात्रीच्या जेवणापर्यंत जात नसे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढली तेव्हा फळीच्या खालच्या अंगाला रॉकवूल (धग अडवणारी दगडी लोकर) बसवून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मारला. धुराच्या पाइपाला काचधाग्याची पट्टी गुंडाळली. पट्टीवर डिझेल सांडू देऊ नका, भिजलेली पट्टी पेट घेते. आमच्याकडे ती दर फेरीआधी हाताने चाचपून बघतात.
इंजिन बंद केल्यावर इंजिनरूममधली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर थोडा वेळ चालूच ठेवा. इंजिनात पाणी फिरायचं थांबलं की आतली सगळी धग वर चढते.
छताला पांढरा रंग, आणि त्याच्या हातभर वर ताडपत्री. छतावरच अंथरलेली ताडपत्री काही कामाची नाही, मधून वारा गेला पाहिजे.

विदर्भातला दर्यावर्दी
नागपूरला कूलरवर उन्हाळा निघतो. केबिनच्या दाराला ओलं गोणपाट टांगलं तर?

धागाकर्ता
दादा, मुंबईत नको. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड हवेला साधारण २३ अंशांपर्यंत उतरवू शकतं. इथे ३४ अंश आणि ७० टक्के असताना तेच कापड २९ च्या खाली जाणार नाही. तेही हवा खेळती असेल तर. बंद केबिनमध्ये ओल भरेल आणि घाम वाळायचा तोही थांबेल. त्यापेक्षा बॅटरीवरचा छोटा पंखा घ्या. १२ व्होल्टचा असला पंखा जेमतेम एखादा अँपिअर घेतो. वारा थेट झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गेला पाहिजे, छताकडे तोंड करून तो लावू नका.

शीडवाला, कुलाबा
गेटवेसमोर आमची बोट नांगरावर असते. पुस्तकात वाचतो की नांगरलेली बोट वाऱ्याकडे नाळ (पुढचं टोक) करून उभी राहते, छतावरची पुढची झडप उघडा आणि वारा घ्या. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत बोट ओढीला (भरती-ओहोटीच्या प्रवाहाला) तोंड देते आणि दुपारचा वायव्येचा वारा कुशीवर बसतो. म्हणून आम्ही जुन्या शिडाच्या कापडाचं नरसाळं शिवून घेतलं. त्याचं तोंड दोरीने हव्या त्या बाजूला वळतं, खालचं टोक झडपेत. पाठीमागची एक खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर वारा आत शिरतच नाही. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत ओढ कमी, तेव्हा बोट बरीचशी वाऱ्याचं ऐकते. रात्री वारा पडतो आणि पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा वारा) सुटतो, मग नरसाळं उलट फिरवायचं.

वरळीकरीण
अंथरुणाबद्दल कोणीच बोललं नाही. खाऱ्या पाण्याने भिजलेली गोधडी उन्हात कडक वाळली तरी रात्री पुन्हा ओलसर लागते, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. गोड्या पाण्याने धुवा. फोमच्या गादीवर पाठ भिजून निघते, त्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाका, म्हणजे खालूनही हवा लागते. माझ्या धाकट्या दिराची पाठ घामोळ्यांनी भरायची, ती या दोन गोष्टींनी बरी झाली.

टगवरचा
आमचा डेक लोखंडी. सूर्य मावळल्यावर समुद्राचं पाणी मारतो, केबिनचं छत तेवढ्याने उतरतं. एसी आहे, पण तो समुद्राच्या पाण्यावर गार होतो आणि बंदरातलं पाणी म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. गाळणी तुंबली की एसी पडतो. पाळीच्या सुरुवातीला गाळणी उघडून साफ करणं हाच खरा उपाय.
ट्रॉलरवाल्यांनी बर्फाचा हिशेब लक्षात घ्यावा. एसीचा ‘टन’ बर्फावरूनच आला आहे, चोवीस तासांत एक अमेरिकी टन (साधारण ९०७ किलो) बर्फ वितळताना मिळतो तेवढा गारवा. म्हणजे एक टनाचा एसी ताशी जवळपास ३८ किलो बर्फाचं काम करतो. पंख्यासमोर पाच किलोची लादी ठेवून केबिन गार होत नाही. तो बर्फ मासळीसाठी राहू द्या.
आणि एक कळकळीची विनंती. जनरेटर लावून, दारं-खिडक्या बंद करून एसीत झोपत असाल तर धुराचं तोंड केबिनपासून लांब आणि वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. त्याचा अलार्म लावा.

तांडेलाचा नातू, वर्सोवा
काका, अलार्मचं मनावर घेतलं. छतावर सोलर पॅनेल टाकलं तर सावलीही मिळेल का? कोणी लावलंय?

मढचा नाखवा
लावलंय. पॅनेल आणि छतामध्ये चांगली वीतभर जागा सोड, आणि चारही कोपऱ्यांना स्टीलचे बोल्ट आरपार घे, स्क्रू उधाणाच्या हिसक्याला टिकत नाहीत. जागा न सोडता ठोकलंस तर पॅनेल तापून वीजही कमी देतं आणि छतही भाजतं. आमचे दोन पंखे रात्रभर त्याच बॅटरीवर चालतात.