मदत हवी आहे: बांबूची टोपली विणायला शिकायचं आहे

नमस्कार मंडळी, मी डिचोलीची. माडाच्या झावळीची पाटी जमते, पण ती वाळली की सैल पडते. म्हणून आता बांबूकडे वळले आहे.

एकाच पट्टीने सलग विणायचं तर उभ्या काड्या विषम हव्यात, तरच दर फेरीला खाल-वर बदलतं, एवढं समजलं. पट्ट्या भिजवूनही घेते. अडतं ते काठाशी. उभ्या काड्या आत वळवताना नेमक्या पेरापाशी तुटतात. तिथे आधी तासून पातळ कराव्यात, की पेर टाळूनच पट्टी काढावी?

दुसरं म्हणजे भुंगा. बांबूतल्या स्टार्चमुळे तो लागतो, म्हणून पावसाळा सरल्यावर तोडलेला जून बांबू घ्या म्हणतात. पण विणायला तर लवचीक हवा ना? मग किती वर्षांचा निवडावा?

यूट्यूबवर हात दिसतात, कोयतीचा दाब कळत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांना ऐन गिऱ्हाइकीत विचारणंही बरं नव्हे. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्यात घरी शिकवणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. त्यांचा कामाचा दिवस मोडतो, त्याचे रीतसर पैसे देईन.