प्रतिसाद: बोलेनशिवाय 'डीएसडीएस'?

वर कुणीतरी म्हटलंय की 'डॉइचलंड झूख्ट डेन सुपरस्टार' ('डीएसडीएस') ही जर्मन टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा म्हणजे 'इंडियन आयडॉल'ची नक्कल. उलट आहे हो! दोन्ही ब्रिटिश 'पॉप आयडॉल'चीच पिल्लं, पण जर्मन भावंड मोठं: आरटीएल या जर्मन वाहिनीवर नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालं. आपला अभिजीत सावंत जिंकला तो २००५ मध्ये.

खरी गंमत डीटर बोलेनची. 'मॉडर्न टॉकिंग' या जर्मन पॉप जोडीतला हा बाबा परीक्षक म्हणून स्पर्धकांची सालटी काढायचा, आणि पहिला विजेता अलेक्झांडर क्लाव्सचं 'टेक मी टुनाइट' लिहिलंही त्यानंच. परीक्षकही तोच, संगीतकारही तोच! ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

२०२१ चा हंगाम मात्र पार विस्कटला. परीक्षक असलेला गायक मिशाएल वेंडलर याच्या कोरोनाविषयीच्या बेताल विधानांमुळे आरटीएलनं त्याला आधीच चित्रित झालेल्या भागांतून कापलं. जिथं कापता येईना तिथं चक्क धूसर केलं. खुर्चीत नुसता एक ठिपक्यांचा गोळा! शेवटच्या थेट भागांना बोलेनही नव्हता. २०२२ मध्ये त्याच्याविना नव्या परीक्षकांवर गाडा ओढून पाहिला, पण २०२३ ला त्यालाच परत बोलावलं.