मेणबत्ती विझल्यावर पेल्यात पाणी का चढते?

प्रश्न:
ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला, की ज्योत विझते आणि पाणी आत चढते. हवेतला सुमारे २१ टक्के प्राणवायू जळून संपतो व पाणी त्याची जागा घेते, असे माझ्या मुलीला शिकवले गेले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर १:
नाही. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच प्राणवायू शिल्लक असतो. मुख्य कारण उष्णता हे आहे: तापलेली हवा प्रसरण पावते, तिच्यातील काही पेल्याच्या कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आतला दाब घटला, की बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतले पाणी आत ढकलतो. पाणी ‘ओढले जाते’ असे मुलांना कृपया सांगू नये.

उत्तर २:
एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पेल्यातला प्राणवायू तेवढाच असूनही पाणी अधिक चढते, कारण हवा अधिक तापते.

प्रश्नकर्ती:
मेणबत्तीशिवाय हे पडताळता येईल का?

उत्तर १:
होय. जाड स्टीलचा पेला गरम पाण्याने विसळून, रिकामा करून, लगेच थंड पाण्याच्या ताटलीत उपडा ठेवावा. थोड्या वेळाने ताटलीतले पाणी कमी झालेले दिसेल. गरम पाणी मात्र मोठ्यांनीच हाताळावे.