मंदी सरली, तरी बेकारी का रेंगाळते?

प्रश्न (कुपवाड, सांगली): २०२० च्या टाळेबंदीत माझ्या थोरल्या भावाचे फाउंड्रीतील काम सुटले. कारखाना काही महिन्यांत पुन्हा सुरू झाला, पण साचे भरणाऱ्या जुन्या माणसांना बोलावणे आलेच नाही. धक्का ओसरल्यावर बेकारीही ओसरायला नको का?

उत्तर (मिरज): सरासरीत ती ओसरलीच. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शहरी बेरोजगारीचा दर जानेवारी-मार्च २०२० मध्ये ९.१ टक्के होता, पुढच्याच तिमाहीत तो २१ टक्क्यांजवळ गेला आणि एप्रिल-जून २०२२ मध्ये ७.६ टक्क्यांवर आला. मात्र काम शोधणेच सोडलेला माणूस या दरात बेरोजगार म्हणून मोजला जात नाही, आणि घरच्या द्राक्षबागेत बिनपगारी राबणारा तर रोजगारातच धरला जातो.

उत्तर (विटा): ब्लँचर्ड आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये युरोपाबद्दल मांडले होते की वेतनाची बोलणी कामावर टिकलेलेच करतात, बाहेर पडलेल्यांचा त्यात विचार होत नाही, म्हणून वेतन चढे राहून नवी भरती होत नाही आणि बेकारी चढीच राहते. आमच्या यंत्रमागांवर मला दुसरे कारण अधिक पटते: दोन वर्षे माग सोडलेल्याच्या हाताची सफाई जाते, आणि तुटलेला धागा सांधताना मालकाला ते लगेच दिसते.

प्रश्नकर्ता: भाऊ आता हळदीच्या पोत्यांची हमाली करतो, दरात तो बेकार नाहीच.