मदत हवी आहे : परवडणाऱ्या गाड्यांपैकी मोजकेच ब्रँड लोकप्रिय का होतात?

नमस्कार. जवळपास सारख्याच किमतीच्या, सारख्याच इंजिनाच्या अनेक गाड्या बाजारात असताना रोज कामावर जाणारी माणसे त्यांतल्या एकदोन ब्रँडच्याच गाड्या पिढ्यानपिढ्या का घेत राहतात, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ स्वस्ताई हे कारण मला पुरेसे वाटत नाही. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी पुढे स्वस्त होत गेली हे खरे, पण ती साध्या हत्यारांनी दुरुस्तही करता येत असे. २००४ च्या डाशिया लोगन या रोमानियातल्या स्वस्त गाडीत तर डाव्या-उजव्या बाजूंचे बाहेरचे आरसे एकसारखेच ठेवले होते, म्हणजे एकच सुटा भाग दोन्हीकडे चालावा.

माझी सध्याची गाडी कागदावर उत्तम आहे. मात्र दाराच्या आतल्या हँडलसाठी मला तीन आठवडे थांबावे लागले आणि तोवर प्रत्येक वेळी काच खाली करून, हात बाहेर काढून दार उघडावे लागे (पावसात हा सोहळा बघण्यासारखा असे). शेजाऱ्यांना त्यांच्या बारा वर्षे जुन्या गाडीचा असाच भाग त्याच दिवशी मिळाला.

माझा प्रश्न असा, की गाडी लोकप्रिय असते म्हणून तिचे सुटे भाग आणि तिची सवय असलेले मेकॅनिक सहज मिळतात, की ते मिळतात म्हणून ती लोकप्रिय होते? शिवाय, घेताना पुनर्विक्रीच्या किमतीचा विचार आपण खरोखर किती केला होता? एकच गाडी आठ-दहा वर्षे वापरलेल्यांनी कृपया अनुभव सविस्तर लिहावा.